एकशे आठ प्रदक्षिणा, पाण्यातून

आमच्या शिवणाच्या बाईंनी आम्हाला पोहायला शिकवलं, ते आधी बाकांवर. भर उन्हाळ्यात, दुपारच्या तासाला, शाळेच्या पत्र्याच्या छपराखाली आम्ही आठ-दहा मुली बाकांवर पालथ्या पडायचो आणि बाई कापड मोजायचा गज हातात घेऊन मधून फिरायच्या.

"हात पुढं. आता कापड फाड दोन्हीकडं! पाय गोळा कर. मार! नीले, तू बाकाला लाथा मारतीयस, पाण्याला मार की."

पाणी दीड मैल लांब होतं. घामाच्या धारा मात्र होत्या, तेव्हा अगदीच कोरड्यात शिकलो असं म्हणता यायचं नाही.

शिवण सोडून दुसरी भाषा त्यांना येत नव्हती. छोटे छोटे हात मारले तर 'धावदोरा', लांब सावकाश हात मारला तर 'टीप'. कुणी गटांगळी खाल्ली की म्हणायच्या, "उसवलं बघा! पुन्हा घाला." एकदा डिपोटीसाहेब तपासणीला आले, ते नेमके आमच्या तासाला. दारातून त्यांना दिसल्या पालथ्या पडून हातपाय झाडणाऱ्या मुली. साहेबांनी डोक्यावरची पगडी सावरली. बाई जराही डगमगल्या नाहीत. "साहेब, मुली अंगाची मापं शिकतायत," त्या म्हणाल्या, "उभ्यानं माप नीट येत नाही." साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं की या शाळेत शिवणकाम अंग मोडून शिकवतात. बाईंनी तो शेरा आम्हाला वाचून दाखवला आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

बाई तेव्हा तिशीच्या आतबाहेर असतील. पांढरं पातळ, पायात पुरुषी वहाणा, आणि चालणं असं की मागून येणाऱ्याला पळावं लागे. लहानपणीच विधवा झालेल्या. पण त्यांच्याकडे बघून कुणाला हळहळायची सोय नव्हती. हळहळायला तोंड उघडावं तर त्या त्याच तोंडाचा श्वास मोजायला लागायच्या.

श्वासाचं त्यांना वेडच होतं. प्रत्येकीनं घरी घंगाळात पाणी भरायचं, मिलचा भोंगा सुरू झाला की तोंड बुडवायचं आणि भोंगा थांबला की वर काढायचं, असा नियम होता. सोलापुरात मिल काही एक नव्हती. एकीचा भोंगा संपतो न संपतो तोच दुसरीचा सुरू व्हायचा, आणि कोणता भोंगा आपला हे बाईंनी सांगितलंच नव्हतं. माझे वडील मिलच्या कचेरीत कारकून. भोंगा वाजला की ते डबा घेऊन निघायचे आणि मी घंगाळात डोकं घालायची. आई दोघांकडे पाहून कपाळाला हात लावायची.

भोपळ्याचा मात्र बाईंना भयंकर राग. आमच्याकडे विहिरीवर मुलांच्या पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला सोडतात. बाई तो बघितला की सोडूनच टाकायच्या. "पोहला तो भोपळा, तू नाहीस. त्याला बक्षीस देऊ का?"

विहीर मिळाली ती आमच्या नीलीच्या, म्हणजे नीलव्वाच्या, वडिलांची, अक्कलकोटच्या रस्त्याला. घरात कानडी बोलणारी, सधन, मोकळी माणसं. विहीर गोल, ऐसपैस, पक्क्या दगडात बांधलेली, एका अंगाला मोट आणि दुसऱ्या अंगाला पायऱ्या. विहीर मिळाली, पण आया मिळेनात. विहीर म्हटलं की आयांना दोनच गोष्टी आठवत: आसरा आणि जीव दिलेल्या बायका. पाण्यातल्या आसरा पोरींना ओढून नेतात, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

बाई आमच्या घरी आल्या तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खालीसुद्धा ठेवलं नाही. "आसरा असतात हो तिथं. माझी पोर नाही यायची."

"असतातच," बाई म्हणाल्या. "म्हणून तर प्रदक्षिणा घालायच्या."

"कुणाला?"

"आसरांना. काठावरून घातल्या तर पाय घसरायची भीती, म्हणून पाण्यातून घालायच्या. एकवीसनं सुरुवात. एकशे आठ झाल्या की उद्यापन."

आईनं सूप खाली ठेवलं. व्रत म्हटल्यावर तिचा आवाजच बदलला. "उपास असतो का?"

"पोटभर खायचं, पण नंतर."

नीलव्वाच्या आईला आम्ही सगळ्या अव्वाच म्हणायचो. ती हुशार होती. तिनं डोळे बारीक करून विचारलं, "बाई, असलं व्रत आमी कदी ऐकलं न्हाय की."

"नवीन आहे," बाई म्हणाल्या.

अव्वानं क्षणभर विचार केला. "मग असू दे. नव्याला लई फळ असतंय."

अशा रीतीनं दर शनिवारी सकाळी आमची पाच जणींची जलप्रदक्षिणा सुरू झाली. बाकीच्या बाकावरच राहिल्या. आम्ही भिंत डाव्या हाताला ठेवून गोल गोल फिरायचो. अव्वा पायरीवर हळद-कुंकू घेऊन बसायची आणि एक फेरी झाली की एक चिंचोका टोपलीत टाकायची. "एक! दोन! ए नीले, मधून काटछाट करू नको, देवाला कळतंय!" एकदा गंमत म्हणून नीलव्वा उलटी फिरली. समोरून मी येत होते. आमची डोकी अशी आपटली की मोटेचे बैल दचकले. पण अव्वाला डोक्यांचं काही नव्हतं. "उलटी प्रदक्षिणा? अय्यो, सगळं पुण्य फिटलं!" तिनं टोपली पालथी केली आणि आम्ही पाचही जणी पुन्हा एकपासून फिरलो. त्यानंतर डावीकडे वळायचा विचारसुद्धा कुणी केला नाही.

पोशाख बाईंनी स्वतः शिवला. नऊवारी नेसून पाण्यात उतरलं की लुगड्याचा फुगा व्हायचा आणि खाली मुलगी आहे की नाही हे कळायचं नाही. पहिला पोशाख त्यांनी चादरीच्या कापडाचा केला, कारण सोलापूरला दुसरं काय शोभणार! चादरीनं निम्मी विहीर पिऊन टाकली. नीलव्वाला वर काढायला चार जणी लागल्या. मग आला मांजरपाटाचा चोळणा आणि पूर्ण बाह्यांची बंडी, बाईंनी स्वतः निळीत बुडवून रंगवलेली. रंग पक्का आहे असं त्यांचं म्हणणं होतं. अर्ध्या तासात मोट हाकणारा सिद्राम ओरडत आला, "अण्णा, हिरीचं पानी निळं झालंय की! कुनीतरी इख टाकलंय!" मोटेच्या धावेवरून बैल सोडले, कांद्याच्या वाफ्यांची दारं बंद केली, नीलव्वाचे वडील जेवण टाकून धावत आले. बघतात तर विहिरीत पाच निळ्या पोरी गोल गोल फिरतायत आणि पायरीवर बायको म्हणतीये, "बासष्ट!"

बाई पोहायला कुठं शिकल्या, हे मी त्यांना तीन वेळा विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. पहिल्यांदा म्हणाल्या, सीनेच्या पुरात म्हैस वाहून गेली, तिच्या मागं गेले. दुसऱ्यांदा म्हणाल्या, पुस्तकात वाचून. तिसऱ्यांदा आम्ही दोघीच पायरीवर केस वाळवत बसलो होतो. त्या सहज म्हणाल्या, "चौदाव्या वर्षी विहिरीत उडी टाकली होती मी. बुडायलाच. पण हातपाय ऐकेनात. आपले आपणच हलायला लागले. घरचे दोर घेऊन येईपर्यंत मी दोनदा पायरीला लागून आले होते. मग म्हटलं, एवढं जमतंय तर नीट शिकावं." आणि हसल्या. मलाही हसू आलं. घरी गेल्यावर रडू आलं, ते वेगळं.

मला वाटतं, तिसरं उत्तर खरं असावं. पण म्हशीचंही त्या इतक्या तपशिलानं सांगायच्या की मी पैजेवर काही सांगणार नाही.

आता शर्यतीचं. गावातल्या एका व्यायामशाळेनं नवरात्रानंतर तलावात पोहण्याच्या शर्यती ठेवल्या. अर्थात मुलांच्या. बाई रोज शाळा सुटल्यावर तिथं जाऊन बसायच्या आणि विचारायच्या, "मुलींची कधी?" पंधरा दिवसांनी ती माणसं कंटाळली आणि मुलींची एक शर्यत ठेवली. सोलापुरात तोवर असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. पण आमच्या शाळेच्या मंडळाचे सेक्रेटरी होते वकील. ते बाईंना आमच्यासमोरच म्हणाले, "बाई, ही फार मोठी रिस्क आहे. बरोबर तराफा राहील, तराफ्यावर मी स्वतः राहीन. एकीनं जरी आधार घेतला, तर पोहण्याचा वर्ग त्या क्षणी बंद. मी लेखी देतो." आणि खरंच लेखी दिलं. बाईंनी तो कागद वाचला, घडी घालून कमरेला खोचला आणि आमच्याकडे वळल्या. चेहरा कधी नव्हे तो गंभीर.

"ऐकलंत ना? जिंकू नका. पहिलं कुणी आलं नाही तरी चालेल. पण पलीकडं जायचं, आणि कशालाही हात न लावता जायचं. नाहीतर मी आहे आणि काज-बटणं आहेत, जन्मभर."

काज-बटणांचा तो उच्चार त्यांनी जन्मठेपेसारखा केला. विहिरीतला शनिवार गेला तर आमच्या आठवड्यात उरत होतं काय? सहा दिवस आम्ही त्या एका सकाळच्या जोरावर काढायचो.

शर्यतीच्या दिवशी तलावाच्या काठावर मिलमधले, मागावरचे, बाजारातले, सगळे जमलेले. पलीकडच्या घाटावर बांबूला भगवं निशाण लावलेलं. सरळ रेघेत जायचं, निशाणाला शिवायचं. आम्ही पाच जणी निळ्या पोशाखात उभ्या राहिलो तेव्हा गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "ह्या पोरी हायत का निळीच्या वड्या?" आणि जो हशा उसळला, तो शिट्टी वाजेपर्यंत थांबला नाही.

शिट्टी झाली. आम्ही उड्या टाकल्या. काय सांगू, असं पोहलो! बाकावरच्या सगळ्या दुपारी कामी आल्या. श्वास भोंग्याएवढा, हात टीप मारल्यासारखा, पाचही जणी एका ओळीत. काठावरचं हसू थांबलं आणि टाळ्या सुरू झाल्या. मी मान खाली घालून पाणी कापत होते. विहिरीत वर बघायची सवयच नव्हती. तिथं बघण्यासारखं काय असतं, दगडच. थोड्या वेळानं टाळ्यांचा पुन्हा हशा झाला. मला वाटलं, तराफ्यावरून वकील पडले. मी जोर वाढवला. शेवटी मान वर काढली तर काठ हाताशी आलेला, आणि काठावर बाई.

मला केवढा आनंद झाला! पोचलो! फक्त एवढंच कळेना, की बाई आमच्या आधी पलीकडे कशा आल्या.

"अगं, हा तोच काठ!" बाई ओरडल्या.

आम्ही पाचही जणी, एका शिस्तीत, उजवीकडे वळत वळत, अख्ख्या तलावात एक भलामोठा गोल घालून जिथून निघालो तिथं परत आलो होतो. डावा हात लांब आणि उजवा आखूड, ही विहिरीची सवय अंगात मुरली होती. तराफा आमच्या मागं वळायच्या नादात स्वतःभोवती फिरत होता. लोक पोट धरून बसले होते. आणि काठावर पहिल्या रांगेत बसलेल्या अव्वानं, हाताच्या सवयीनं, ओच्यातून एक चिंचोका काढून टोपलीत टाकला. "एक!"

शेजारी माझी आई भक्तिभावानं हात जोडून उभी होती.

मला हसू आवरेना. नाकात पाणी गेलं. नीलव्वा तर हसून हसून पाण्याखालीच गेली. हे तराफ्यावरून दिसलं आणि वकील किंचाळले, "बुडतायत! घ्या वर! बांबू द्या!" दोन तालीमबाजांनी बांबू पुढं केले. बांबूचं टोक माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. तेव्हा माझं हसू गेलं. एवढा गोल घालून दम निम्मा संपला होता, आणि पलीकडचा काठ पहिल्याइतकाच लांब होता.

"हात लावू नका!" बाईंचा आवाज आला, आणि पाठोपाठ धप्प.

पांढऱ्या पातळाचा कासोटा मारून बाई पाण्यात होत्या. चार हात मारून त्या आमच्या डाव्या अंगाला आल्या. "हे बघा, मी भिंत आहे," त्या म्हणाल्या. "भिंत डाव्या हाताला ठेवायची. भिंत जाईल तसं जायचं. दुसरं काही बघू नका."

इतकं सोपं होतं ते. आम्हाला सरळ पोहता येत नव्हतं, पण भिंतीला धरून, म्हणजे भिंतीला न धरता, तिच्या कडेनं पोहता येत होतं. भिंत नाकासमोर निघाली, आम्हीही निघालो. तराफा उजव्या बाजूनं चालला होता. वकील त्यावर ओणवे होऊन आमचे हात मोजत होते.

मधोमध आल्यावर माझा दम संपला. खरंच संपला. नाकातोंडात पाणी, पायात गोळा, आणि डोळ्यांसमोर फक्त निळसर अंधार. बाईंचा पदर सुटून माझ्या बाजूला तरंगत होता. मी तो धरला. तीन हात मारायला लागतो तेवढाच वेळ. पदर ताणला गेला, माझं डोकं वर आलं, एक श्वास मिळाला. बाईंनी मान वळवली नाही, वेगही कमी केला नाही. मी पदर सोडला आणि पुन्हा हात मारायला लागले. माझ्या आणि तराफ्याच्या मध्ये नीलव्वा होती.

निशाणाला पाच जणी एकदमच लागलो. परीक्षकांनी नंबर कुणाचाच काढला नाही. बाईंचं मत होतं की नीलव्वाचं नाक पुढं होतं.

वकील तराफ्यावरून उतरले ते गुडघाभर पाण्यात. त्यांनी धोतर पिळलं, घसा साफ केला. "तराफ्याला कुणी हात लावला नाही. कबूल. पण बाई, तुम्ही पाण्यात होतात. तुमचा आधार कुणी घेतला असेल, तर तोही आधारच."

"मग विचारा त्यांना," बाई म्हणाल्या आणि पाठमोऱ्या होऊन पदर पिळायला लागल्या.

वकिलांनी कोर्टात विचारावं तसं एकेकीला विचारलं. "खरं सांगायचं. बाईंना धरलं होतंस?"

"न्हाय," नीलव्वा म्हणाली. पुढची म्हणाली, नाही. तिच्या पुढची म्हणाली, नाही. चौथीनं नुसती मान हलवली. मग ते माझ्यासमोर आले.

लहानपणापासून मला खोटं बोलता येत नसे. कान लाल व्हायचे आणि घरात सगळ्यांना कळायचं. पण त्या दिवशी कान काय, आम्ही अंगभर निळ्या होतो. मी वकिलांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही."

त्यांनी धोतराचा सोगा पुन्हा एकदा पिळला. मग म्हणाले, "ठीक आहे. वर्ग चालू राहील." आणि निघता निघता थांबून, "पण बाई, त्यांना डावीकडे वळायला शिकवा हो. लोक काय म्हणतील!"

हे सांगणं सोपं होतं. आयांना काय सांगणार? उलटी प्रदक्षिणा घाला म्हटलं असतं तर अव्वानं टोपलीसकट आम्हाला घरी नेलं असतं. आठवडाभर बाई विचारात होत्या. शनिवारी त्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि सगळ्या आयांना म्हणाल्या, "माझंच चुकलं. आपलं गाव महादेवाचं. महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालतात का कधी? अर्धीच घालायची. मोटेपर्यंत जायचं, मोट ओलांडायची नाही, तिथून उलट फिरून यायचं. इतके दिवस आपण पूर्ण घालत होतो, म्हणून तर परवा तलावात तसं झालं."

आया गंभीर झाल्या. मग अव्वानं मान डोलावली. "तरीच! आता हे मातर खरं व्रत हाय. ते पैलं मला पटतच नव्हतं." आणि तिनं टोपली रिकामी केली.

आम्ही पाण्यात उतरलो. त्या दिवशी बाईही आमच्याबरोबर उतरल्या. बाकीच्या चौघी पुढं गेल्या. मी मोटेजवळ थांबले. आठवडाभर मला जेवण गोड लागलं नव्हतं. मी दगडाची खाच धरली आणि म्हणाले, "बाई, मी खोटं बोलले. तलावात मी तुमचा पदर धरला होता."

बाई पाण्यात उभ्या उभ्याच हात हलवत होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना त्यांचंच नाव सांगत होते.

"अगं," त्या म्हणाल्या, "पदर माझाच होता ना? मला कळलं नसेल का?"

मी खाच आणखी घट्ट धरली.

"ती खाच सोड," बाई म्हणाल्या. "आणि चल, आता डावीकडे."